साऊंड सिस्टीमच्या माइकवर बायका इतक्या कमी का?

रानमोगरा

सध्या रेगेचं वेड लागलंय. बॉब मार्लीपाशी थांबलेली गाडी पुढे सरकली ती थेट जमैकातल्या साऊंड सिस्टीमपर्यंत. ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९५० च्या आसपास किंग्स्टनमधल्या गरीब वस्त्यांना नाचाला बँड बोलावणं परवडायचं नाही. मग काही दुकानदार मंडळींनी अवाढव्य स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि अमेरिकन रेकॉर्डी जमवून मोकळ्या मैदानात तिकीट लावून नाच भरवायला सुरुवात केली. टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड हे पहिले बडे मालक. रेकॉर्ड निवडून लावणारा सिलेक्टर, यंत्रं सांभाळणारा ऑपरेटर, आणि नुसत्या तालावर (म्हणजे गाण्याखालच्या वाद्यांच्या ट्रॅकवर) माइक धरून बोलत-गात रंगत आणणारा डीजे. हो, तिथे डीजे म्हणजे माइकवाला.

आता प्रश्न. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या नाचांची कॅसेट-रेकॉर्डिंग यूट्यूबवर पडलेली आहेत, ती मी ऐकतेय. मागे बायकांचा ओरडा, हशा, शिट्ट्या ऐकू येतात. त्यांच्याशिवाय तो नाच उभाच राहत नाही. पण माइकवर? यू-रॉय, यलोमॅन, जोझी वेल्स, पुरुष, पुरुष, पुरुष. मध्येच एक सिस्टर नॅन्सी.

बाकीच्या कुठे होत्या? गातच नव्हत्या, की माइक हातात येत नव्हता? कुणी या विषयातलं जाणकार असेल तर लिहा.

पोटोबा

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

जुना_तबकडीवाला

विषय आवडीचा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

गात नव्हत्या हे तर खरं नाहीच. मिली स्मॉलचं 'माय बॉय लॉलिपॉप' १९६४ मध्ये जगभर वाजलं, जमैकाच्या संगीताची बाहेरची ओळखच एका पोरीच्या आवाजाने झाली. फिलिस डिलन, मार्शिया ग्रिफिथ्स, डॉन पेन, हॉर्टेन्स एलिस या सगळ्या साठच्या दशकात रेकॉर्ड करत होत्या. म्हणजे साऊंड सिस्टीमवर बायकांचा आवाज पहिल्यापासून होता, पण तबकडीतून. रात्री दोन वाजता गर्दीसमोर माइक धरून, सुचेल ते तालात बसवत तासभर किल्ला लढवायचा, हे काम मात्र पुरुषांचं मानलं गेलं.

१९७७ मध्ये अल्थिया आणि डॉना या दोन शाळकरी वयाच्या मुलींनी 'अपटाऊन टॉप रँकिंग' केलं. ट्रिनिटी नावाच्या पुरुष डीजेचं आपल्या थ्री-पीस सुटाची बढाई मारणारं गाणं गाजत होतं, त्याच तालावर यांनी आपल्या झोकाची बढाई मारून त्याला उत्तर दिलं. फेब्रुवारी १९७८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. गंमत म्हणून केलेली गोष्ट म्हणतात, पण ऐकून बघा. माइकवर पोरगी आली की काय होऊ शकतं याची ती जाहिरातच आहे.

मुक्काम_एडिसन

तबकडीवाले काका, दंडवत! वाचतेय, लिहीत राहा.

सिस्टर नॅन्सीबद्दल मी सांगते, कारण ती आमच्या न्यू जर्सीतली. मूळ नाव ऑफ्लिन रसेल, जन्म १९६२, किंग्स्टन. घरात पंधरा भावंडं. थोरला भाऊ ब्रिगेडियर जेरी हा जाह लव्ह साऊंडचा नावाजलेला डीजे. ती किशोरवयातच माइक धरायला लागली. १९८२ मध्ये विन्स्टन रायलीसाठी 'वन, टू' हा अल्बम केला. त्यात जागा भरायला शेवटी एक गाणं हवं होतं म्हणून 'बॅम बॅम' झालं. ताल होता स्टॅलग, म्हणजे १९७३ पासून वापरात असलेलाच. जमैकात तेव्हा त्याचं फार काही झालं नाही.

पुढे १९९६ मध्ये ती अमेरिकेत आली आणि एका बँकेत हिशेबाचं काम करू लागली. इकडे गाणं सिनेमात, मिक्सटेपमध्ये, जाहिरातीत वाजतंय, बाईंना एक छदाम नाही. २०१४ मध्ये रिबॉकच्या जाहिरातीत स्वतःचा आवाज ऐकून तिने वकील गाठला. मग गाण्याचे निम्मे हक्क आणि मागच्या दहा वर्षांचे पैसे मिळाले, असं तिनेच मुलाखतींत सांगितलंय. त्याआधीची वर्षं गेली ती गेलीच. त्यानंतर कान्ये वेस्टने २०१६ मध्ये आणि जे-झीने २०१७ मध्ये तेच गाणं उचललं.

बंड्या_बेसुरा

म्हणजे काउंटरवर "पासबुक भरून द्या हो" म्हणणाऱ्यांना कल्पनाच नसणार की बाई कोण आहेत 😂

जुना_तबकडीवाला

बंड्या, हसू नकोस, फिलिस डिलनचंही तेच. १९६७ च्या अखेरीस न्यूयॉर्कला गेली, बँकेत नोकरी धरली आणि अधूनमधून जमैकात येऊन ड्यूक रीडकडे गाणी रेकॉर्ड करून जायची. काही वर्षांनी तेही बंद.

मुक्काम_एडिसन

अरे देवा! दोघीही बँकेत? पगार महिन्याच्या महिन्याला येतो, त्याचा परिणाम असणार.

शंकासुर

मी जरा काडी टाकतो, दिवे घ्या.

कुठल्याही क्षेत्रात बायका कमी दिसल्या की "माइक दिला नाही" हे उत्तर तयारच असतं. साऊंड क्लॅश म्हणजे दोन साऊंडनी एकमेकांना शिव्या घालत गर्दी जिंकायची. पहाटेपर्यंत जागरण, दारू, गांजा, मारामाऱ्या. बहुतेक पुरुषांनासुद्धा ते झेपत नाही. ज्या बायकांना आवड होती त्या आल्या, बाकीच्यांनी नाचणं पसंत केलं. यात अन्याय कुठे आला?

रानमोगरा

@शंकासुर, येणारच होता तुम्ही, चहा टाकूनच ठेवला होता. पण "आवड होती त्या आल्या" हे कशावरून? आलेल्या दिसतात, परत पाठवलेल्या कुठल्या रेकॉर्डिंगवर दिसणार?

कोल्हापुरी_बेस

रेगेतलं मला काय कळत नाय, पण आमचा धंदा साऊंडचा. लग्न, वरात, जयंती, स्टेज शो, सगळं करतो. त्यामुळं या प्रश्नाचं उत्तर मला वेगळं दिसतंय.

आमच्यात कुणी पोरगा पहिल्या दिवशी मिक्सरवर बसत नाही. आधी टेम्पो भरायचा. डबल अठराचा बेस उचलायचा, वायरी गुंडाळायच्या, जनरेटरजवळ रात्र काढायची. दोन-तीन सिझन असं केलं की ऑपरेटर म्हणतो, बस जरा, जेवून येतो, आवाज बघ. तिथनं सुरुवात होते. पुढं तोच माइक चेक करायला लागतो, तोच अनाउन्समेंट करतो.

तुमच्या जमैकातपण असंच असणार. म्हणजे माइक मिळायचा दरवाजा स्टेजवर नाही, टेम्पोच्या मागच्या फळीवर आहे. रात्री-बेरात्री आठ पोरांबरोबर टेम्पोत पोरीला कोण पाठवणार? मी तरी पुतणीला पाठवली नसती, खोटं कशाला बोलू.

जुना_तबकडीवाला

कोल्हापुरी, धाग्यातला आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. अगदी असंच आहे. तिथे त्यांना बॉक्समन म्हणतात. खोकी उचलणारी पोरं, तीच पुढे सिलेक्टर आणि डीजे होतात.

आणि आता यादी बघा. सिस्टर नॅन्सी, भाऊ ब्रिगेडियर जेरी. लंडनची रँकिंग ॲन, भावाचा ब्लॅक रॉक साऊंड, तिथेच माइक धरायला शिकली. हेम्प्रेस सटिव्हा आताची, पण वडील इलावी मलावी हे त्याच जाह लव्ह साऊंडचे सिलेक्टर. ज्या घरात कुणीतरी आधीच टेम्पोत बसलेलं होतं, त्याच घरातली पोरगी माइकपर्यंत पोचली.

लंडनस्थ_परब

रँकिंग ॲनचं नाव निघालं म्हणून खास लॉगिन केलं!

ही बाई फार भारी. मॅड प्रोफेसर या निर्मात्याच्या अरिवा स्टुडिओत तिने ऐंशीच्या सुरुवातीला अल्बम केले. विनोदी आणि धारदार. १९८४ च्या सुमारास ब्रिटिश सरकार पोलिसांना जास्त अधिकार देणारा कायदा आणत होतं, तेव्हा तिने त्याविरुद्ध गाणं केलं. त्या वेळी काळ्या पोरांना रस्त्यात अडवून झडती घेणं रोजचंच होतं, साऊंडच्या नाचांवर धाडी पडायच्या. तिच्या गाण्यांत हे सगळं आहे, आणि शिवाय घरातल्या पुरुषांनाही टोले आहेत. ऐकताना आपल्याकडच्या वगातली सवाल-जवाबाची बाई आठवते.

भावाच्या यादीत अजून एक भर. रँकिंग मिस पी. भाऊ लेप्के याने लंडनमध्ये डीबीसी नावाचं चोरटं रेडिओ स्टेशन चालवलं, १९८१ पासून. ही तिथे रेकॉर्डी लावायची. १९८५ मध्ये बीबीसी रेडिओ वनवर तिचा स्वतःचा रेगेचा कार्यक्रम सुरू झाला. आणि लेप्के हा रीटा मार्लीचा सावत्र भाऊ. सगळं घरातल्या घरात.

पण अपवाद आहे. न्झिंगा साउंड्झ. दोन मैत्रिणींनी ऐंशीच्या दशकात लंडनमध्ये उभा केलेला साऊंड, अंगोलाच्या राणीचं नाव दिलेला, आणि अजून चालू आहे. भाऊ नाही, नवरा नाही. रेकॉर्डी स्वतःच्या, निवड स्वतःची.

निशिगंधा_वि

वाचनखूण साठवली आहे. किती माहिती आहे लोकांकडे!

मला एक कळत नाही. अंगमेहनतीचं कारण सगळे मान्य करून बसलेत. पण मालकांचं काय? टॉम वाँगचं, म्हणजे टॉम द ग्रेट सेबॅस्टियनचं, हार्डवेअरचं दुकान होतं. ड्यूक रीड आधी पोलीस, मग ट्रेझर आयल हे दारू-किराण्याचं दुकान, तेही नवरा-बायको दोघे चालवत. हे लोक स्वतः खोकी वाहत होते का? पैसा होता म्हणून साऊंड होता. मग बायका मालक का नाही झाल्या? दुकानाच्या गल्ल्यावर बसता येतं तर साऊंडच्या गल्ल्यावर का नाही?

जुना_तबकडीवाला

झाल्या की. सोनिया पॉटिंजर. जमैकातली पहिली स्त्री निर्माती. नवऱ्याचा स्टुडिओ होता, दोघे वेगळे झाल्यावर हिने स्वतः रेकॉर्डी काढायला सुरुवात केली, १९६६ च्या आसपास. हाय नोट हे तिचं लेबल. कल्चर या गटाचे, मार्शिया ग्रिफिथ्सचे उत्तम अल्बम तिचे. आणि ड्यूक रीड वारल्यानंतर त्याच्या ट्रेझर आयलचा अख्खा ठेवा तिच्या हातात आला, पुढे हक्कांसाठी कोर्टकचेऱ्याही तिने केल्या.

दुसरी पॅट्रिशिया चिन, सगळे मिस पॅट म्हणतात. चिनी-भारतीय वंशाच्या घरात किंग्स्टनमध्ये १९३७ साली जन्मलेली. नवऱ्याबरोबर रँडीज हे रेकॉर्डचं दुकान, वर स्टुडिओ. दुकानाच्या काउंटरवर मिस पॅट. कुठल्या साऊंडवाल्याला आज कुठली तबकडी हवी, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुटुंब न्यूयॉर्कला गेलं आणि तिथे व्हीपी रेकॉर्ड्स उभं राहिलं, आज रेगेतली सगळ्यात मोठी कंपनी. व्हीपी म्हणजे व्हिन्सेंट आणि पॅट.

बंड्या_बेसुरा

भारतीय वंशाची म्हटल्यावर आता दहा मिनिटांत कुणीतरी ती मूळची रत्नागिरीची निघते का बघणार.

लंडनस्थ_परब

मी परब आहे, मी मालवणच म्हणणार 😀

भारतीय वंशावरून आठवलं, सूम टी. ग्लासगोची, आईबाप भारतीय, बोलण्यात पक्की स्कॉटिश. मंगोज हाय-फाय या ग्लासगोच्या साऊंडबरोबर माइकवर असायची. या बाईचा शब्दांचा वेग म्हणजे कहर आहे. श्वास कुठे घेते कळत नाही. आणि दिल्लीत बीएफआर साऊंड सिस्टीम आहे, दिल्ली सल्तनत आणि बेगम एक्स या जोडीने लोकवर्गणीतून उभी केलेली. खोकी आपल्याकडेच बांधलेली. बेगम एक्स गाते, माइकवर तीच असते.

समुद्रकाठी

गोव्यात २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश नावाचा रेगे महोत्सव भरायला लागला, तिथे मी गेले होते. साऊंडसमोर उभं राहिलं की बेस कानाने ऐकू येत नाही, पोटात ऐकू येतो. एक परदेशी मुलगी सिलेक्टर होती. शेजारचा काका मला म्हणाला, "हिचा नवरा कुठे गेला, गाणं बदलायला?" गाणं तीच बदलत होती, दोन तास.

पोटोबा

जेवून आलो. पोटात बेस मला रोजच ऐकू येतो.

गणेशभक्त_सदाशिव

तुम्ही सगळे मोठ्या कौतुकाने बेस पोटात ऐकताय. आमच्या पेठेत दहा दिवस या, काचा तावदानासकट ऐकू येतात. जमैकात लोक तक्रार करत नाहीत का?

कोल्हापुरी_बेस

काका, आम्ही पोलिसांनी सांगितलेल्या वेळेला बंद करतो हो.

गणेशभक्त_सदाशिव

सगळेच तसं म्हणतात.

जुना_तबकडीवाला

सदाशिवराव, करतात की. जमैकात १९९७ चा ध्वनी नियंत्रणाचा कायदा आहे, आणि नाच बंद करायला पोलीस येणं ही तिथली नेहमीची गोष्ट. बाकी डीजेच्या भिंतीचा धागा मागच्या सप्टेंबरचा अजून धुमसतोय, तिकडे जाऊ या.

शंकासुर

मूळ मुद्द्यावर येतो. माइक मिळाला तेव्हा बायकांनी काय केलं? लेडी सॉ घ्या. नव्वदच्या दशकातली सगळ्यात मोठी डीजे. गाणी बहुतेक अशी की घरात मोठ्याने लावता येणार नाहीत. पुरुष अश्लील गातात म्हणून ओरडायचं आणि बाईने तेच केलं की टाळ्या?

निशिगंधा_वि

हा प्रश्न मात्र खरा आहे, यावर जमैकातही पुष्कळ भांडण झालंय. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या निवृत्त प्राध्यापिका कॅरोलिन कूपर यांचं म्हणणं असं की बाई स्वतःच्या शरीराबद्दल स्वतःच्या तोंडाने, भर गर्दीत बोलते, हे सभ्य समाजाने घातलेलं कुंपण ओलांडणं आहे, त्याकडे नुसती अश्लीलता म्हणून बघू नका. विरोधक म्हणतात, बाजाराला जे हवं तेच तिने विकलं.

मला दोन्ही थोडं थोडं पटतं. लेडी सॉच्या गाण्यात पुरुषाची जी टर उडवलेली असते ती ऐकून नाचातल्या बायका का किंचाळतात, हे समजायला प्राध्यापक लागत नाही. पण तेच सतत गायलं तरच पैसे मिळणार असतील, तर ते स्वातंत्र्य कितपत? ती स्वतः २०१५ च्या शेवटी हे सगळं सोडून धर्माकडे वळली. आता ती मिनिस्टर (म्हणजे धर्मोपदेशक) मॅरियन हॉल.

मुक्काम_एडिसन

पण हेही बघा ना, नॅन्सीने तसलं काहीच गायलं नाही. "मी सभ्य गाणार" हे तिने पहिल्यापासून ठरवलेलं. तिला मिळालं काय? बँकेची नोकरी. अश्लील गायलं तर शिव्या, नाही गायलं तर पैसे नाहीत.

शंकासुर

पैसे तर तिथे पुरुषांनाही मिळत नव्हते. स्टुडिओत एकरकमी नोटा हातावर ठेवायच्या आणि वाटेला लावायचं, हीच पद्धत. हा बाई-पुरुष प्रश्न नाही, निर्माता-कलाकार प्रश्न आहे.

मुक्काम_एडिसन

हे मान्य. पण पुरुष डीजे रात्री परत साऊंडवर जाऊन कमवू शकत होता. पोटात मूल असलेली डीजे कुठे जाणार?

लंडनस्थ_परब

इथे लव्हर्स रॉकबद्दल, म्हणजे रेगेच्या प्रेमगीतांच्या लंडनी प्रकाराबद्दल, लिहायलाच हवं. लंडनमध्ये सत्तरच्या दशकात साऊंडवर कडक रास्ता (रास्ताफारी पंथाचं) रेगे वाजायचं आणि पोरं एकटीच डोलत बसायची. पोरी यायला हव्यात तर त्यांच्या मनातली गाणी हवीत. लॉइड कॉक्सन या साऊंडवाल्याने लुइसा मार्क नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला हेरलं. डाल्स्टनच्या फोर एसेस क्लबात ती गाण्याच्या स्पर्धा जिंकायची. १९७५ मध्ये 'कॉट यू इन अ लाय' निघालं आणि एक नवा प्रकारच जन्मला. १९७९ मध्ये जॅनेट केचं 'सिली गेम्स' दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, तेही डेनिस बोव्हेल या साऊंडवाल्यानेच केलेलं.

म्हणजे त्या पोरींच्या आवाजावर साऊंडचं तिकीट खपत होतं. टेम्पोत मात्र जागा नव्हती.

बंड्या_बेसुरा

मी काल रात्री 'सिली गेम्स' म्हणायचा प्रयत्न केला. वरचा सूर लावला तर शेजारच्यांनी दार वाजवलं.

समुद्रकाठी

नाचणाऱ्यांनाही कमी लेखू नका हं. १९९२ मध्ये कार्लीन नावाची मुलगी डान्सहॉल क्वीन, म्हणजे तिथल्या नाचाची राणी, झाली आणि माइक न धरता तिचं नाव डीजेंच्या बरोबरीने घेतलं जायला लागलं. २००२ मध्ये तर हा मुकुट जुन्को कुडो या जपानी मुलीने जिंकला, जमैकात जाऊन!

रानमोगरा

काय सुंदर चर्चा चाललीय. दोन दिवस नव्हते, आत्ता सगळं एकदम वाचलं. मूळ प्रश्नाला कोल्हापुरींनी दिलेलं उत्तर मला सगळ्यात पटलंय. आता कॉफी नावाच्या गायिकेसारखी मुलगी येते, २००० साली जन्मलेली, स्पॅनिश टाऊनची, २०२० मध्ये रेगे अल्बमचं ग्रॅमी घेऊन जाते, ते मिळवणारी पहिली बाई. पण ती टेम्पोतून आलेली नाही, फोनवरच्या व्हिडिओतून आली. म्हणजे दरवाजा उघडला नाहीच, दुसरीकडून खिडकी मिळाली. साऊंडची खोकी, ॲम्प्लिफायर अजून कुणाच्या मालकीचे आहेत हा प्रश्न उरतोच.

निशिगंधा_वि

ब्राझीलमध्ये साव पावलोत फेमिनिन हाय-फाय म्हणून बायकांचाच गट आहे, सिलेक्टरही बायका, माइकवरही बायका. म्हणजे कुठेतरी सुरू झालंय.

जुना_तबकडीवाला

'सुरू झालंय' वरून एक राहिलेली गोष्ट. कॉक्सन डॉडची आई, डोरिस डार्लिंग्टन. तिचं दुकान होतं, पोरगा गिऱ्हाइकांसाठी रेकॉर्डी लावायचा तो तिच्याच दुकानात. पुढे डाऊनबीट साऊंड झाला. डॉड कामासाठी, रेकॉर्डींसाठी अमेरिकेत गेला की साऊंड कोण चालवायचं? आई. रेकॉर्डीही तीच लावायची.

म्हणजे हे पन्नासच्या दशकातलं. यू-रॉयच्या आधीचं, नॅन्सीच्या जन्माच्याही आधीचं. इतिहास लिहिणारे कॉक्सनवर प्रकरणं लिहितात, आईला एक ओळ.

शंकासुर

आईच्या दुकानात, आईच्या पैशात, आणि नाव मुलाचं. हे आमच्या घरीही असंच आहे. माघार घेत नाही, पण हा मुद्दा तुमचा.

रानमोगरा

शंकासुरांच्या या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

कोल्हापुरी_बेस

यातली गाणी काल बघितली शोधून. रँकिंग ॲन लय आवडली. त्या सूम टीचं पण लावलं, गोडाऊनमधली पोरं काम सोडून ऐकत बसली. फक्त एक सांगतो सगळ्यांना, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर नकाच ऐकू. बेसच ऐकू येत नाही, मग त्या बाया कशावर स्वार झाल्यात ते कळणार कसं?

गणेशभक्त_सदाशिव

हेडफोन लावा.